सातवीनंतरची सुट्टी

माझी मुलगी सातवी पास झाली तेव्हा मी पेढे घेऊन चंद्रपूरला गेले होते. मूकबधिर मुलांची ती निवासी शाळा सातवीपर्यंतच होती. मुख्याध्यापकांनी पेढा घेतला, हिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, आता हिची पेटी घेऊन जा. जूनमध्ये तिच्या पलंगावर नवीन मूल येईल."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नवीन मुलं खरंच दारात उभी होती. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. जागा नसते म्हणजे काय हे मला कळत होतं. तरी मी विचारलं, "आणि पुढे?"

"पुढे घरीच. तिला लिहितावाचता येतं, थोडं बोलता येतं. आणखी काय पाहिजे?"

ती दारात उभी राहून आमचे ओठ पाहत होती. किती समजलं ते मला कळलं नाही. पेटी रिक्षात ठेवताना तिने ती दोनदा खाली उतरवली.

तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती; अशा मुलांना एकेका इयत्तेला जास्त वर्षं लागतात. अडीच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण कान गेले. आम्हाला ते कळलं भीमजयंतीला. मिरवणुकीतला ताशा आमच्या दारासमोर थांबला होता. शेजारपाजारची तान्ही पोरं दचकून रडत होती आणि ही माझ्या मांडीवर गाढ झोपलेली होती. आमचं गाव गडचिरोलीकडचं, पक्क्या रस्त्यापासून आत. घरची धानाची शेती तिचे बाबा पाहायचे. गावात तिच्यासाठी काहीच नव्हतं, म्हणून काळजावर दगड ठेवून तिला इतक्या लहानपणी वसतिगृहात ठेवलं होतं.

त्या शाळेने तिला शब्द दिले. वाचा शिकवणाऱ्या बाई तिला आरशासमोर बसवत, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवत. 'प' म्हणताना ओठांपुढे धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे. ती हलेपर्यंत सोडत नसत. छातीवर कापडी पिशवीत यंत्र, त्यातून कानापर्यंत वायर. गावातले लोक त्याला मशीन म्हणत. मशीनने तिला माणसांचं बोलणं ऐकू येत नसे, पण आवाज आहे एवढं कळायचं; कोणी हाक मारली, दार आपटलं, की ती मान वळवायची. आणि शाळेची आम्हाला एक सक्त ताकीद होती: घरी हातवारे करायचे नाहीत. हात दिले की जीभ आळशी होते. आम्ही ती पाळली. मी तिच्या समोर बसून, तोंड नीट उघडून, सावकाश बोलायची. माझे ओठ ती बऱ्यापैकी वाचायची. बाबांच्या जाड मिशीखालचं मात्र तिला काहीच वाचता यायचं नाही. ते बोलायला लागले की ती माझ्याकडे पाहायची.

दर उन्हाळ्यात मी एक गोष्ट पाहत आले होते आणि तिचीच मला भीती होती. एप्रिलच्या शेवटी घरी यायची तेव्हा ती 'पाणी' म्हणायची. मेच्या मध्यापर्यंत त्याचं 'आणी' व्हायचं. 'प' आधी जायचा. जूनपर्यंत ती नुसती घड्याकडे बोट करायची. मग शाळा उघडायची, आरसा, कागदाची पट्टी, आणि दिवाळीला पुन्हा 'पाणी' परत यायचं. आता शाळा उघडणार नव्हती. ही सुट्टी संपणारच नव्हती, आणि मी रोज सकाळी उठून तिच्या तोंडातून काय काय गेलं ते तपासत होते. तिला ते कळायचं. मी शब्द विचारायला लागले की ती उठून अंगण झाडायला जायची.

मी हातपाय हलवले. आधी जवळच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात गेले. आठवीत घ्या म्हटलं. हेडमास्तर भला माणूस होता.

"बाई, नाव लिहून घ्याले मले काई हरकत नाई," ते म्हणाले. "पन तुमी सोता शिकवता. मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलते. वर्गात साठ पोरं. ह्या पोरीनं ओठ कोनाचे पाहावं?"

"पुढच्या बाकावर बसवाल तर..."

"बसवीन ना. पन नुसतं बसवनंच होईन ते. उद्या तुमीच म्हनान, माही पोरगी बसून बसून गेली."

मी परत आले. घरी हिची आत्या येऊन बसली होती. तिने एक स्थळ आणलं होतं, मुलाचा फोटोही हिला दाखवला होता. वयाने बराच मोठा, पण घरचा बरा, पाच एकर धान.

"पोरगा लय बोलका हाय," आत्या म्हणाली. "हिच्या वाटचं बी तोच बोलन."

 हिचे बाबा लगेच नाही म्हणाले नाहीत, याचाच मी धसका घेतला. रात्री मी त्यांना म्हटलं, "तिला विचारायचं कोणी?" ते म्हणाले, "विचारू कसं? तूच सांग, कसं विचारू?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि मलाही 'लग्न' हा शब्द तिला ओठांवरून दाखवण्यापलीकडे काही येत नव्हतं. हो की नाही, का, कधी, कोणाशी, तुला काय वाटतं, हे सगळं विचारायला जी भाषा लागते ती आमच्या घरात नव्हतीच.

त्यातच तिचं यंत्र बंद पडलं. सेल बदलून पाहिले, काही झालं नाही. तिने ते पिशवीतून काढलं, पेटीत ठेवलं आणि पेटी लावून टाकली. त्या दिवसापासून मागून गेलं तर तिला कळेनासं झालं. खांद्याला हात लावला की ती केवढ्याने तरी दचकायची. विहिरीवर एकटी गेली की मी दारात उभी. चुलीपाशी बसली की मी दारात उभी. मला झोप येईना.

कोणीतरी सांगितलं, अपंग मुलांसाठी पुढच्या शिक्षणाची काही सोय असते, जिल्ह्याच्या कचेरीत विचारा. आमचा जिल्हा वेगळा झाल्यापासून आमची कामं गडचिरोलीला. मेमधल्या एका सकाळी मी पहिल्या गाडीने गेले. निघताना तिला समोर बसवून सांगितलं, "मी जाते. तुझ्या शाळेसाठी. संध्याकाळी येते." तिने मान हलवली.

कचेरीत त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. बाबूने पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. शेवटी म्हणाला, "मोठ्या मुलींसाठी आपल्याकडे तर काही नाही, बाई. नागपूरला विचारून पाहा, नाहीतर मुंबईकडे." मुंबई! मी तिला चंद्रपूरला ठेवलं तेव्हा वर्षभर रडले होते.

दुपार कलता कलता मी फाट्यावर उतरून चालत घरी आले. घर उघडं होतं. भात झाकून ठेवलेला होता. ती नव्हती.

विहिरीवर पाहिलं. घरामागच्या धानाच्या बांधीत पाहिलं. शेजारणीने सकाळपासून तिला पाहिलं नव्हतं. हिचे बाबा तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवरून आले. त्यांना वाटलं होतं ती माझ्यासोबत गडचिरोलीला गेली. तोपर्यंत रानातून बाया पत्त्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन परत येत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बाई, आज नाल्याकडं वाघाचे पाय दिसले. पोरगी तिकडं तं नाई गेली?"

तेवढ्यावर गाव उठलं. माणसं नाल्याकडे धावली, मोहाच्या झाडांखाली, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर. जो तो तिच्या नावाने हाका मारत होता. सगळ्या रानात माझ्या मुलीचं नाव घुमत होतं आणि मी त्या माणसांच्या मागे धावत ओरडत होते, "हाका नका मारू! तिले ऐकू येत नाई! डोळ्यानं पाहा, डोळ्यानं!"

कोणी थांबेना. हरवलेल्या माणसाला हाक मारायची, हे हाडात बसलेलं असतं. मीही मध्येच तिचं नाव घेऊन ओरडत होते, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. ती झुडपाच्या पलीकडे पाठमोरी बसली असेल आणि आम्ही हाका मारत शेजारून निघून जाऊ, हेच मला दिसत होतं.

ऊन उतरलं तेव्हा फाट्याकडून एक माणूस पळत आला. चंद्रपूरहून परत येणारी एस.टी. फाट्यावर थांबली होती आणि कंडक्टर मला बोलवत होता. मी कशी पोचले आठवत नाही. कंडक्टर ओळखीचा होता, दर सुट्टीत आम्हाला नेणारा-आणणारा.

"बाई, तुमाले मालूम नाई काय?" तो म्हणाला. "तुमची पोरगी सकाळी माह्याच गाडीनं चांद्याले गेली. तळहातावर पेनानं 'चंद्रपूर' लिहून मले दाखवलं. म्या समोरच्या सीटवर बसवलं. मले वाटलं तुमीच धाडलं."

"उतरली कुठे?"

"स्टँडवर. म्या इचारलं, कोन घ्याले येनार? ती हासली अन् चालू लागली."

त्या तासानंतर चंद्रपूरला जाणारी गाडी नव्हती. बांबू भरून बल्लारशाकडे निघालेला एक ट्रक हिच्या बाबांनी हात करून थांबवला. ड्रायव्हरने आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. वैनगंगा ओलांडली, मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं. मी डोळ्यांपुढे चंद्रपूरचा स्टँड आणत होते. ते ऑटो, त्या गाड्या मागे घेणारे ड्रायव्हर जे मागच्या माणसाला हाक मारून बाजूला करतात, ती टपरीवर उभी राहणारी माणसं. सतरा वर्षांची मुलगी, बंद पडलेलं यंत्र, तळहातावर गावाचं नाव. घामाने ते नाव पुसलं गेलं तर ती काय दाखवेल? हिचे बाबा सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले, "पैसे कोठून घेतले असन तिनं?" आणि मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे."

नुकताच अंधार पडला होता. शाळेचं फाटक बंद, वसतिगृह सुट्टीमुळे रिकामं. आवाराच्या टोकाला वाचा शिकवणाऱ्या बाईंचं घर होतं, तिथे दिवा दिसला. आम्ही दार न वाजवताच आत गेलो.

ती स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होती.

मी तिला धरलं, हलवलं, मारलंही असावं. ती थक्क होऊन माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने माझे हात बाजूला केले, उठली आणि बाईंकडे वळून बोलू लागली. हातांनी. तिचे हात इतक्या वेगाने चालत होते की मला ती बोटं वेगळी दिसेनात. भुवया, खांदे, गाल, सगळं बोलत होतं. ती रागावली होती, मध्येच माझी नक्कल करत होती, मध्येच हसत होती. आणि बाई, ज्या वर्गात मुलांना हात पाठीमागे बांधून बसवायच्या, त्या चुलीपुढे बसून तितक्याच भराभर हातांनी तिला उत्तर देत होत्या.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलीला बोलताना पाहत होते.

बाईंना माझा चेहरा दिसला असावा. "वर्गातली शिस्त वेगळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथे सुट्टीत वसतिगृहात राहून गेलेल्या मुली येतात. त्यांच्याशी नाहीतर बोलणार कसं?"

"ती काय म्हणते?" हिच्या बाबांनी विचारलं.

"म्हणते, मशीन बिघडलं होतं, ते दुरुस्त करायला आले. आई माझ्यासाठी कचेरीत गेली. मी माझ्यासाठी इथे आले. रडायचं काय त्यात?" बाई थांबल्या. पुन्हा तिच्याशी हातांनी काही बोलल्या. "वायर तुटली होती. मी बदलून दिली. उद्या सकाळच्या गाडीला मी बसवून देणार होते. तुमच्या गावात निरोप पोचवायचा कसा, तेच कळत नव्हतं."

"तिले इचारा," हिचे बाबा म्हणाले.  "तिले काय पाहिजे, ते इचारा."

बाईंनी विचारलं. तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग सावकाश सांगू लागली, आणि बाई एकेक वाक्य आमच्यासाठी तोंडाने म्हणत गेल्या. "गावात मी भांड्यासारखी असते. सगळे चांगले वागतात. घासतात, पुसतात, फळीवर ठेवतात. कोणी माझ्याशी बोलत नाही. हायस्कुलात मला जायचं नाही, तिथेही फळीच. तो माणूस आत्याने दाखवला, तो मला नको. मला शिवण शिकायचं आहे. मला माझी मैत्रीण पाहिजे."

मैत्रीण म्हणजे चंद्रपूरजवळच्या घुग्घुसची मुलगी. दोघी पहिल्या वर्षापासून शेजारी शेजारी झोपत. या मुली एकमेकींना खुणेची नावं देतात. आमच्या मुलीचं नाव होतं भुवईवर एक बोट, कारण तिथे तिला जुन्या जखमेचा व्रण आहे. मैत्रिणीचं नाव होतं दोन बोटं गालावर, खळीसाठी. त्या रात्री बाईंनी ती दोन्ही नावं मला शिकवली. मला माझ्या मुलीचं ते नाव माहीतच नव्हतं.

सकाळी मुख्याध्यापकांना त्यांच्या घरी भेटलो. वसतिगृहात ठेवता येणार नाही, यावर ते ठाम होते, आणि मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. पण बाई पुढे झाल्या. "सर, शनिवारी दुपारी माझा वर्ग रिकामा असतो. ही आली तर मी तिच्या वाचेचा सराव घेईन. यंत्रही पाहीन. तुमची हरकत नसावी." सर म्हणाले, "लेखी काही मागू नका. आली तर मी पाहिलं नाही." एवढंच मिळालं. पण आमच्या गावाहून दर शनिवारी चंद्रपूर गाठणं म्हणजे जवळजवळ दोन दिवस मोडणार. आणि बाकीचे दिवस? बाकीचे दिवस ती पुन्हा फळीवरच.

तेव्हा घुग्घुसला जायची गोष्ट बाईंनी काढली. तिथे कामगारांच्या वसाहतीत बायकांच्या मंडळाचा शिवणवर्ग होता आणि मैत्रीण तिथे जाणार होती. आम्ही तिघं तसेच तिकडे निघालो. घुग्घुस मी आधी पाहिलं नव्हतं. रस्ता काळा, झाडांची पानं काळी, आणि कोळशाचे ट्रक एकामागून एक, धुरळ्यात दिवे लावून. खाणीतली पाळी सुटलेली माणसं मोटारसायकलींवरून त्यांच्यामधून वाट काढत होती.  आमच्या गावात ती विहिरीवर गेली तरी मी दारात उभी राहत होते.

मैत्रिणीचे वडील खाणीत होते. नुकतेच पाळीवरून येऊन अंघोळ करून बसले होते. दोघी मुली एकमेकींना दिसल्या आणि अंगणातच त्यांचे हात सुरू झाले. आम्ही मोठी माणसं त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"पाहा," ते म्हणाले. "माही पोरगी मईनाभर झाला, जेवत नोती. आता पाहा."

मी भीत भीत विषय काढला. ते पूर्ण ऐकूनही न घेता म्हणाले, "राहू द्या ना बाई इथीच. एक खोली पोरीले देलीच हाय. एकीच्या जागी दोघी."

हिचे बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. परक्याच्या घरी वयात आलेली पोर, आणि त्यातून आमची माणसं बौद्ध, हे घर दुसऱ्या समाजाचं. ते शेवटी म्हणाले, "भाऊ, आमी कोन ते तुमाले ठाव असन. तुमच्या घरी, नातेवाईकाईत, काई..."

आतून मैत्रिणीची आई आली. "इतके वर्स एका ताटात जेवल्या त्या," ती म्हणाली. "आता मी वेगळं ताट कोठून आनू?" आणि तिने आमच्यापुढे जेवण वाढलं.

"पण ट्रक?" मी म्हटलं. दुसरं काही माझ्या तोंडून निघेना. "हातांनी बोलणाऱ्या मुली रस्त्याकडे पाहत नाहीत हो. एकमेकींकडे पाहतात."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. "मले बी तेच भेव हाय," ते म्हणाले. त्यांनी मुलींना जवळ बोलावलं आणि आपल्याला येत होत्या तेवढ्या चारदोन खुणांनी समजावलं: रस्त्यावर पाय असेपर्यंत हात ओढणीत. बोलायचं ते फाटकाच्या आत. दोघींनी ओढणीची टोकं मुठीत धरून दाखवली, आणि लगेच भुवयांनी बोलायला लागल्या.

जूनमध्ये तिला घुग्घुसला पोचवायचं ठरलं; दर शनिवारी तिथून दोघींनी बाईंच्या वर्गाला यायचं. मधल्या दिवसांत मी शंभर वेळा बेत मोडला. कधी वाटे, वर्षभर थांबू. कधी वाटे, मीच बदली मागून चंद्रपूरकडे जावं. अर्जही केला, पण जिल्हा आता वेगळा, माझं कोण ऐकणार? आत्या रागावून बोलेनाशी झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी तिची पेटी भरत होते आणि हिचे बाबा ओट्यावर वस्तरा घेऊन बसले होते. आत आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. मिशी नव्हती. वरचा ओठ पांढराफटक. ते तिच्या समोर उकिडवे बसले आणि सावकाश, तोंड उघडून म्हणाले, "तिकडे नीट राहा. मी शनिवारी येईन."

तिने त्यांचे ओठ पाहिले. मग म्हणाली, स्वतःच्या त्या जाड, खालच्या आवाजात, "ये." आणि मग आणखी एक शब्द: "बाबा." तेवढं म्हणून तिने त्यांच्या उघड्या ओठावर हात ठेवला आणि हसली.

बरेचसे शनिवार ते गेले. मीही जायची, सुट्टी जुळली की. शाळेच्या फाटकाशी उभी राहून घुग्घुसकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहणं हे माझं आयुष्य झालं. एका पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला, रस्ता बंद झाला. आठवडाभरापेक्षा जास्त दिवस काही कळलं नाही. रस्ता उघडल्यावर मी पहिल्या गाडीने चंद्रपूर गाठलं. शनिवार होता. नेहमीची गाडी आली, त्यात त्या नव्हत्या. पुढची आली, त्यातही नव्हत्या. घुग्घुसकडून आलेल्या एका प्रवाशाने सांगितलं, तिकडे रस्त्यावर ट्रक उलटला आहे. कोणाला लागलं, ते त्याला माहीत नव्हतं. मी फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे दोन ओढण्या होत्या, आणखी काही नव्हतं.

तासाभराने त्या चालत आल्या. अडकलेल्या गाडीतून उतरून, पायी पुढे येऊन, दुसऱ्या गाडीत बसून. गुडघ्यापर्यंत काळा चिखल. माझी मुलगी माझ्याकडे आली, माझा चेहरा पाहिला, आणि ओढणीच्या टोकाने माझे डोळे पुसले. मग बाईंच्या वर्गात गेली, कारण उशीर झाला होता.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग बाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. त्यांच्यानंतर आलेल्या बाईंनी शनिवार चालू ठेवला नाही. ज्याची मला भीती होती ते झालंच: हळूहळू 'प' गेला, 'क' गेला, बरेच शब्द गेले. आज ती आवाजाने पाचसहाच शब्द बोलते. पण माझी जी दुसरी भीती होती, ती फळीवरच्या भांड्याची, ती खरी झाली नाही. घुग्घुसच्या शिवणवर्गात ती पहिल्या वर्षी झबली शिवायला शिकली, दुसऱ्या वर्षी ब्लाउज. नंतर दोघी मैत्रिणींनी चंद्रपुरात एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवायचं काम घेतलं, एकाच खोलीत शिवणाची दोन मशीन मांडून. मैत्रीण पुढे लग्न होऊन नागपूरला गेली, तिचा नवराही कानाने आमच्यासारखा नाही, तिच्यासारखा. आमची मुलगी चंद्रपुरातच राहिली. लग्न तिने केलं नाही. विचारलं तेव्हा नको म्हणाली, आणि या वेळी मला ते तिच्या हातांवरून कळलं.

हात मी तिच्याकडूनच शिकले, चाळिशीनंतर, चुकत चुकत. ती मला हसते. 'उद्या' म्हणायचं असताना मी अजूनही कधी कधी 'काल' म्हणते.

काळजी संपली, असं मी म्हणणार नाही. मी निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले, तेव्हा वाटलं होतं, आता ती डोळ्यांपुढे आहे. पण दुकानातून यायला तिला उशीर झाला की मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. ऑटो वळण घेतात, हॉर्न वाजवतात, आणि मी एकेका माणसाच्या पाठीमागे पाहत राहते. ती येते. दुरूनच मला पाहते, रागावते, हातातली कापडाची पिशवी काखेत मारते, कारण तिला बोलायला दोन्ही हात लागतात, आणि भर रस्त्यात मला रागे भरत घरी घेऊन जाते.